बीयुनचा कौल

बाबांचं जेवण अजून व्हायचं होतं.

पुढच्या दालनात पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर मेज मांडलं होतं. त्यावर उकडलेली कोंबडी, डुकराचं मांस, तळलेला मासा, कासवाच्या आकाराचे तांदळाचे लाल लाल उंडे, वाफ निघून गेलेला भात. उदबत्त्या अर्ध्यापर्यंत जळल्या होत्या. त्यांच्या लेकानं, वेनछिननं, चंद्रकोरीसारखे कौलाचे दोन लाकडी तुकडे कपाळाला लावले, "बाबा, पोट भरलं का?" असं हळूच विचारलं आणि तुकडे फरशीवर टाकले. दोन्ही पालथे पडले, फुगीर पाठी वर करून. नाही.

"परत नाहीच म्हणाले," त्याची बायको, लीश्वे वहिनी, म्हणाली. "जिवंत होते तेव्हाही असंच. माझी भांडी घासून व्हायची तरी ह्यांचा मासा चाललेलाच."

"काटे काढून खायचा तो," किम आत्या म्हणाली. "तुझ्या हातच्या माशात काटेच फार."

"मासा मी घडवते का, आत्या? काटे त्याचे त्यालाच असतात."

सगळे हसले. दाराशी उभा असलेला फर्गलही हसला. ह्या घरात तो बावीस वर्षं होता आणि देव्हाऱ्यापुढचं काही चाललं की दाराशीच उभा राहायचा. जावयाची जागा तीच. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं, आणि आत ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

बाहेर शरदातला उत्तरेचा वारा सुटला होता. लुकांग गावच्या गल्ल्या मुद्दाम वाकड्या बांधल्या आहेत, तरी हा वारा वळणं घेत घेत यायचाच आणि दाराच्या फटीतून खाडीची खारट रेती आत टाकायचा. ह्याच वाऱ्यात गेल्या वर्षी बाबा गेले होते. वर्षभर त्यांचं छोटं धुपाटणं वेगळं ठेवलेलं होतं. आज त्यातली चिमूटभर राख पूर्वजांच्या मोठ्या धुपाटण्यात मिसळायची, त्यांचं नाव आतल्या पाटीवर लिहायचं. मग बाबा बाबा राहणार नव्हते, शिह घराण्याचे पूर्वज होणार होते.

पुढच्या खेपेला एक तुकडा पालथा पडला आणि एक उताणा. कौल मिळाला.

"जेवले," वेनछिन म्हणाला आणि त्यानं घाम पुसला.

राख मिसळून झाली. मोठं धुपाटणं काठोकाठ भरलेलं होतं, चिमूटभरानं त्यात काहीच फरक दिसला नाही. फर्गल त्या राखेकडे बघत राहिला. त्याला सकाळपासून एकच धास्ती होती, आणि ती ह्या धुपाटण्याची नव्हती. मागच्या खोलीतल्या दुसऱ्याची होती. बीयुनच्या.

त्याची बायको बीयुन जाऊन पाच वर्षं झाली होती. लग्न झालेली मुलगी माहेरच्या देव्हाऱ्यात बसत नाही, ती नवऱ्याच्या घराण्याची. आणि नवऱ्याचं घराणं आयर्लंडमध्ये. तिथं गॉलवेजवळच्या एका घरात शेकोटीच्या फळीवर आजीचा फोटो होता, देव्हारा नव्हता. पुढे ते घरही विकलं गेलं. तेव्हा बाबांनी वाट काढली. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं वाद्यमंडळ बसायचं. पणजोबांपासून चालत आलेलं, पैसे घेऊन न वाजवणाऱ्या हौशी लोकांचं. तिथं लांगजून, वाद्यांचा देव, त्याच्या कोनाड्यात होता. त्याच्या पायाशी बाबांनी लेकीचं धुपाटणं ठेवलं. असं कुठं करत नाहीत, असं सगळी गल्ली म्हणाली. "मी आहे तोवर ती इथं," बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

तेव्हापासून फर्गल रोज सकाळी उठून हात धुवायचा, तिच्यासमोर चहा ठेवायचा, उदबत्ती लावायचा. मग उभी बासरी ओठांना लावून एकच खर्जाचा सूर, छातीत हवा पुरेल तोवर. मग स्कूटर, मग शिकवणीच्या वर्गातली पोरं, त्यांचं तेच तेच इंग्रजी. संध्याकाळी पुन्हा ती खोली, पुन्हा उदबत्ती. त्याला आयुष्य म्हणावं असं जे काही उरलं होतं, ते त्या दोन उदबत्त्यांच्या मधे मावत होतं.

जेवणाची पानं मांडली. कालवांची भजी आणि बारीक शेवयांचं सूप. मंडळात दुतारी वाजवणारे म्हातारे छाय काका खोळीतली दुतारी शेजारच्या खुर्चीवर बसवून, तिलाही पान वाढलंय अशा थाटात जेवत होते. जेवण झालं की मंडळ बाबांसाठी वाजवणार होतं. बाबांची तशी इच्छा होती.

"आहोक," वेनछिननं त्याला घरातल्या नावानं हाक मारली. हे नाव बाबांनी दिलेलं. "वाजवण्याआधी एक बोलून घेऊ या. मागून नको."

"बोला, दादा."

"बीयुनचं."

फर्गलनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"बाबांचा शब्द बाबांपुरता होता," वेनछिन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट तो थकलेला वाटत होता. "मी तिकडे शहरात, तायचुंगला राहतो. महिन्यातून एकदा येतो. मागची खोली आता बंद करावी लागेल. वाजवणारे उरले कोण? छाय काका, तू, तो तीनतारीवाला शेजारी आणि हौसेपुरता मी. देवाला शेजारच्या मंडळाचे लोक त्यांच्याकडे नेऊ म्हणतात. मग तिचं काय?"

"मी आहे ना. रोज उदबत्ती मी लावतो. खोली बंद नका करू."

"तू आहेस. किती वर्षं? तुझ्यानंतर कोण लावणार?"

मूल नव्हतं त्यांना. फर्गलच्या मनात हा प्रश्न कैक वेळा आला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकला तेव्हा तो खोलीएवढा मोठा झाला.

"डोंगरावर भिक्षुणींचं मंदिर आहे," वेनछिन म्हणाला. "तिथं ठेवतात अशांना. रोज पाठ होतो, शेकडो वर्षं होत राहील. कुणी मेलं, कुणी गाव सोडलं, तरी उदबत्ती चुकत नाही."

"अशांना म्हणजे कशांना हो?" लीश्वे वहिनी एकदम म्हणाली. "ज्यांना कुणी नाही त्यांना. दाजी समोर बसलेत आणि तुम्ही त्यांच्या बायकोला बेवारशात टाकताय?"

वेनछिननं चमकून बायकोकडे पाहिलं. फर्गलनंही. वहिनी त्याची बाजू घेईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. लग्न करून आली तेव्हापासून ती त्याला, त्याच्या लांब परदेशी नाकावरून, 'आमचे नाकवाले' म्हणायची.

"मी आपली खरं ते बोलले," ती म्हणाली. "उद्या माझी मुलगी परदेशात दिली, तर तिला कुठल्या डोंगरावर टाकतील? राहू दे खोली उघडी. मी येईन झाडायला."

"आत्ता म्हणतेस. दिवाणखाना झाडायला तुला बाई लागते."

"दादा," फर्गल म्हणाला, "तिला ह्या खोलीत सुख आहे. संध्याकाळी आम्ही वाजवतो, ती ऐकते. तिचं सगळं लहानपण त्या सुरांत गेलं. डोंगरावर काय ऐकेल ती? नुसता एकसुरी पाठ." त्यानं आधारासाठी किम आत्याकडे पाहिलं. आत्या बाबांची धाकटी बहीण. बीयुनच्या आजारपणात तीच उशाशी बसायची. अमावस्या-पौर्णिमेला ती मांस शिवायची नाही, बीयुनच्या नावानं. "आत्या, तुम्हीच सांगा."

आत्यानं सुपाचा वाडगा दोन्ही हातांनी धरला होता.

"काय सांगू, पोरा," ती म्हणाली. "त्या वेळी तुझ्या सासऱ्यानं कौल लावला ना, तेव्हा मी तिथं होते."

"हो. आणि कौल मिळाला होता. लागोपाठ तीनदा."

"मिळाला. कुणाला विचारलं होतं?"

"म्हणजे?"

"लांगजूनला विचारलं. देवा, तुझ्या पायाशी माझ्या लेकीला जागा देशील का? देव हो म्हणाला. देव कशाला नाही म्हणेल? पण तिला कुणी विचारलं?"

छाय काकांनी चावणं थांबवलं.

"घाईत राहून गेलं असेल," वेनछिन म्हणाला.

"राहून नाही गेलं. मी म्हटलं होतं दादाला, तुझ्या बाबाला, पोरीला विचार. तो म्हणाला, तिला काय विचारायचं, ती माझीच आहे. तो असाच होता. प्रेम खूप, विचारणं नाही."

"पण ती हो म्हणाली असती, आत्या," फर्गल म्हणाला. "तिला ते संगीत..."

"ती गायची, ठाऊक आहे ना तुला?"

"लहानपणी. मग कंटाळली. गळा बसला म्हणायची."

आत्यानं छाय काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली आणि शेवया उगाच हलवल्या.

"सांगा की, काका," आत्या म्हणाली. "की सगळं बाईमाणसानंच बोलायचं?"

"आता कशाला, किम?" काका पुटपुटले.

"आता नाही तर कधी? मी काय फार दिवस बसणार आहे?" आत्यानं वाडगा खाली ठेवला. "आहोक, मंडळात मधल्या खुर्चीवर चिपळ्या धरून जो बसतो तो गातो, आणि शेवटची चिपळी तोच वाजवतो. ती जागा बीयुनची होती. बारा वर्षांची होती तेव्हापासून. तुझं लग्न झालं त्या वर्षी दादानं तुला बासरीवर बसवलं. शरदाच्या पूजेला तू वाजवलंस आणि अख्खं गाव तुला बघायला आलं. फोटोवाले आले. दादाची छाती अशी फुगली होती. मग त्याच्या डोक्यात आलं की नवरा-बायको देवापुढं एकत्र बसून वाजवणं बरं दिसत नाही. असा नियम कुठल्या मंडळात नाही, काका, आहे का?"

"नाही," काका म्हणाले. "त्याचाच होता तो."

"म्हणजे एकानं उठायचं. गावाला कोण हवं होतं, ते दिसतच होतं. ती उठली. चहा द्यायला लागली."

फर्गलला स्वयंपाकघर आठवलं. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा आतून गुणगुण ऐकू यायची, आणि त्याची चप्पल वाजली की ती थांबायची. लाजते असं त्याला वाटायचं. एकदा तो मुद्दाम दबक्या पावलांनी आत गेला होता. ती कोबी चिरत गात होती, एक लांब, हळू हळू उतरत जाणारी ओळ. तो मागून म्हणाला होता, "इथं श्वास घ्यायचा नसतो, बाबा म्हणतात, पुढं घ्यायचा." ती वळून हसली होती. "हो का?" एवढंच म्हणाली आणि कोबी कढईत टाकला. त्यानंतर ती गुणगुण त्यानं ऐकली होती का? त्यानं आठवून पाहिलं. त्याला आठवेना.

"मला कुणी सांगितलं का नाही?" तो म्हणाला.

"तीच म्हणाली, नका सांगू. म्हणाली, तो इतक्या लांबून आलाय, त्याला इथं दुसरं काही नाही." आत्यानं पदरासारखा घेतलेला पंचा डोळ्यांना लावला. "आणि मग मेल्यावर तिला जिथून उठवलं तिथंच नेऊन बसवलं. रोज ऐक म्हणून."

"आत्या, बास," लीश्वे वहिनी हळू आवाजात म्हणाली.

"बासच. मी म्हणते, आज तिला विचारा. ती इथं राहते म्हणाली तर वेनछिन, तू खोली बंद करायची नाहीस, मी तुझ्या दारात येऊन बसेन. आणि जाते म्हणाली तर कुणी अडवायचं नाही. आहोक, तूही नाही."

फर्गलनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

मागच्या खोलीत उजेड कमी होता. लांगजूनच्या कोनाड्याखाली बीयुनचं छोटं पांढरं धुपाटणं, सकाळचा चहा तसाच, वर तवंग आलेला. भिंतीशी खुर्च्या अर्धवर्तुळात मांडून ठेवल्या होत्या. मधल्या खुर्चीवर लाकडी चिपळ्या होत्या. बीयुननंतर एक म्हातारी गायिका ती जागा सांभाळायची. दोन हिवाळ्यांमागे ती गेली आणि मग त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

वेनछिननं उदबत्ती लावली. "बीयुन, मी दादा. डोंगरावरच्या मंदिरात जाशील का?" तुकडे पडले. दोन्ही उताणे, सपाट बाजू वर, म्हणजे ना हो, ना नाही.

"हसली," छाय काका म्हणाले.

"हसणारच," आत्या म्हणाली. "भाऊ विचारतोय. भावाचा काय संबंध? दिलेल्या मुलीला नवऱ्यानं विचारायचं. दे त्याला."

वेनछिननं तुकडे फर्गलच्या हातात दिले. ते हाताच्या उबेनं गुळगुळीत झालेले होते, बाबांच्या, बाबांच्या बाबांच्या. आतापर्यंत ते कधी फर्गलच्या हातात आले नव्हते. तो गुडघ्यांवर बसला. अंगानं उंच, त्यामुळे गुडघ्यांवरही तो कोनाड्याएवढा दिसायचा, ह्यावर बीयुन हसायची.

त्याच्या मनात एकच प्रार्थना होती, आणि ती त्यानं देवाला केली नाही, तिलाच केली. नाही म्हणू नकोस.

"बीयुन," तो म्हणाला, "इथंच राहशील का? ह्या खोलीत. मी रोज येईन."

दोन्ही पालथे.

"परत विचारू का?"

"विचार," आत्या म्हणाली.

दोन्ही पालथे. तिसऱ्यांदा एक तुकडा घरंगळत खुर्चीच्या पायाशी गेला, डोलला, सगळ्यांनी मान पुढं केली. तोही पालथा झाला.

"माझ्याबरोबर येशील? मी जागा घेईन. लहानशी. तिथं तुझा देव्हारा करीन. खिडकीपाशी." त्यानं तुकडे पुन्हा उचलले. "वाजवणार नाही मी तिथं. अजिबात नाही."

नाही. परत नाही.

लीश्वे वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वेनछिन म्हणाला, "पुरे, आहोक. असं जबरदस्तीनं विचारायचं नसतं." पण फर्गल उठला नाही. एक प्रश्न बाकी होता. तो विचारला नाही तर कौल अर्धा राहील, आणि अर्धा कौल तिच्या डोक्यावर टांगून ठेवणं हे त्याला बाबांसारखंच वाटलं. तिला न विचारल्यासारखं.

त्यानं तुकडे कपाळाला लावले. "डोंगरावर जायचंय तुला?"

एक पालथा, एक उताणा.

त्यानं तुकडे उचलले. पुन्हा टाकले. एक पालथा, एक उताणा. तिसऱ्या वेळी त्यानं बघितलंही नाही. आवाजावरूनच कळलं. वेगवेगळ्या बाजूंवर पडलेल्या लाकडाचा आवाज वेगळा असतो, एवढं इतक्या वर्षांत त्याच्या कानाला कळत होतं. दुसरं काही कळलं नव्हतं.

"झालं," आत्या अगदी हळू म्हणाली. "मोकळी झाली गं माझी बाई."

कुणी रडलं नाही. वेनछिननं खांद्यावर हात ठेवला, तो फर्गलला जड लागला, मग तो हात निघून गेला. तीनतारीवाला शेजारी दारात येऊन उभा होता. घरात काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. "सुरू करायचं का?" त्यानं विचारलं. "आज बाबांसाठी वाजवायचंय ना?"

"वाजवायचंच आहे," छाय काका म्हणाले. "त्याची इच्छा होती. चिपळ्यांशिवाय वाजवू. काय करणार."

वेनछिननं बाबांची चार तारांची पिपा खोळीतून काढली. ती मांडीवर आडवी घेऊन तो तारा लावायला लागला. त्याची बोटं विसरलेली होती, पण सुरुवात त्यानंच करायची होती. ह्या संगीतात पहिला झंकार पिपेचा, बासरी त्याच्या मागून येते. बासरीनं कधी पुढं व्हायचं नसतं.

फर्गल उठला. "एक मिनिट थांबा," तो म्हणाला. "आत्या, तुमच्या घरी रात्रभर ठेवता येईल का हिला? उद्या मी डोंगरावर नेईन."

"आत्ता? वाजवणं होऊ दे. मग नेऊ."

"नाही, आत्ता. आमचं सुरू व्हायच्या आधी."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं कपाटातून लाल कापड काढलं. त्यानं धुपाटणं त्यात गुंडाळलं, छातीशी धरलं, आणि वाऱ्याला पाठ देऊन गल्लीतून आत्याच्या घराकडे चालायला लागला. तीन वळणं. आत्या मागून येत होती, पंचा डोक्यावर घेऊन. तिसऱ्या वळणावर तो थांबला आणि त्यानं कान दिला. इथवर मागच्या खोलीतलं काही ऐकू येत नव्हतं. नुसता वारा.

"इथं ऐकू येणार नाही तिला," तो म्हणाला.

"नाही येणार," आत्या म्हणाली. "दे इकडे. जा तू. ते थांबलेत."

तो परत आला तेव्हा तिघं आपापल्या जागी बसलेले होते. कोनाड्याखाली धुळीत एक गोल उमटला होता, धुपाटण्याच्या बुडाएवढा, स्वच्छ. त्यानं त्या गोलाकडे पाठ करून बसायचं म्हटलं तरी त्याची खुर्ची समोरच होती. त्यानं बासरी घेतली. वेनछिननं तार छेडली, चुकला, पुन्हा छेडली. छाय काकांची दुतारी त्यात शिरली, मग तीनतारी, आणि मग बासरी.

बाबांची आवडती बंदिश होती ती. संथ, पाण्यात बुडत जाणाऱ्या जड वस्तूसारखी. फर्गलनं जिथं श्वास घ्यायचा नसतो तिथं घेतला नाही. पुढं घेतला, बाबा म्हणायचे तसा. ओळ उतरत गेली. कोबी चिरताना ती ही ओळ गात होती, तेव्हा तिनं आधी श्वास घेतला होता, आणि ते जास्त बरं वाटलं होतं. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

शेवट आला. वेनछिननं शेवटचा झंकार केला आणि हात तारेवर ठेवला. दुतारी थांबली, तीनतारी थांबली. आता शेवटची चिपळी वाजायची होती. ती वाजल्याशिवाय बासरी सूर सोडत नाही.

सगळ्यांनी सवयीनं मधल्या खुर्चीकडे पाहिलं. चिपळ्या खुर्चीवर होत्या, लाल दोरीनं बांधलेल्या.

फर्गलनं सूर धरून ठेवला. छातीतली हवा कमी होत गेली, सूर बारीक झाला, थरथरला. छाय काका म्हणाले, "सोड, पोरा. झालं." त्यानं सोडला नाही. हवा संपली तेव्हा तो सूर आपोआप गेला, आणि चिपळी वाजलीच नाही.